तीन प्रतींत सादर करावा

सरकारी कार्यालयात कागद किती जिरतो हे दोघांनाच नेमकं ठाऊक असतं: भांडार सांभाळणाऱ्याला आणि रद्दी उचलणाऱ्याला. मधल्या सगळ्यांच्या हातात तो सुटा येतो. एक पत्र, एक टिप्पणी, एक तक्ता, फार तर एक नस्ती. पूर्व विदर्भातल्या एका जिल्हा परिषदेत आस्थापनेच्या टेबलावरून माझी बदली भांडार शाखेत झाली आणि मला कागद वजनात मोजायची सवय लागली. ए-फोर आकाराची सोळा पानं मिळून एक चौरस मीटर होतो. पाकिटावर छापलेलं ‘७५ जीएसएम’ म्हणजे त्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. या हिशेबानं पाचशे पानांचं रीम दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं आणि दहा रीमचं खोकं साडेतेवीस किलोच्या घरात जातं. आमचे परिचर ही खोकी खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढवत आणि काही दिवसांनी तोच कागद पोत्यांत भरून खाली उतरवत. दोन्ही फेऱ्या भांडाराच्या दारावरूनच जात.

माझं माहेर चंद्रपूरकडचं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारे बांबूचे ट्रक आणि वारा फिरला की येणारा कारखान्याचा उग्र वास, हे लहानपणी इतकं रोजचं होतं की कागद दुकानात मिळण्याआधी जंगलात असतो, हे आम्हा पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. पुढे कारखान्यांचा कच्चा माल बदलला. आता बराचसा लगदा शेतकऱ्यांनी विक्रीसाठीच लावलेल्या निलगिरी-सुबाभळीचा असतो. म्हणून ‘कागद वाचवा, झाडे वाचवा’ ही प्रत्येक कार्यालयात लटकणारी पाटी मला पुरती पटत नाही. लावलेलं झाड तोडून पुन्हा लावता येतं. पण लगदा शिजवायला आणि धुवायला लागलेलं पाणी, वाफेसाठी जाळलेला कोळसा, कागद पांढरा करायची रसायनं आणि वाटेवरचं डिझेल, हे सगळं एका कोऱ्या पानात मुरलेलं असतं. ते पान अर्ध्या ओळीसाठी छापून टोपलीत गेलं की हे सगळंच टोपलीत जातं. पाटीवर एवढं मावत नाही, हे खरं.

भांडारातली साठा नोंदवही कोणत्या विभागानं किती रीम नेले ते सांगते, कशासाठी नेले ते सांगत नाही. मागणीपत्रावर कारण एकच: ‘कार्यालयीन कामकाजाकरिता’. तरी वर्षभराच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या की चढउतार दिसायला लागतो. मार्चअखेर मागणी चढते, हे कुणीही सांगेल. त्याखेरीज नागपूरला हिवाळी अधिवेशन भरायच्या आधी चढते, कारण तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांची माहिती तासातासाला वर पाठवायची असते आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक तक्ता नव्यानं छापला जातो. पंचायत राज समितीचा दौरा लागला, तर विचारूच नका. प्रश्नावलीच्या उत्तरांचे खंड बांधले जातात, समितीच्या सदस्यांसाठी, आमच्या अधिकाऱ्यांसाठी, राखीव म्हणून आणि राखीव कमी पडले तर म्हणून. याउलट नागरिकांची गर्दी सर्वांत जास्त असते त्या महिन्यांत कागदाची मागणी फारशी हलत नाही. ही विसंगती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी नोंदी पुन्हा तपासल्या. बेरीज बरोबर होती. आमचा बहुतेक कागद आम्ही एकमेकांसाठीच छापत होतो.

मग प्रिंटरजवळच्या टोपल्यांकडे माझं लक्ष वळलं. आमच्या शाखेच्या परिचरांना रद्दीच्या धंद्याची चांगली माहिती, त्यांचा मेहुणा त्यातलाच. एकीकडून छापलेल्या पांढऱ्या कागदाला भाव चांगला, रंगीत छपाईला कमी, पुठ्ठ्याचा दर वेगळा, आणि श्रेडरमधून काढलेला चुरा कुणी खुशीनं घेत नाही, कारण कापलेल्या कागदाचा धागा तुटतो आणि आखूड धाग्याचा कागद कच्चा होतो. टोपली उपडी करून ते एकेक पान बाजूला टाकत बोलत: “ताई, हे मुखपृष्ठ. हे पुन्हा मुखपृष्ठ, साहेबांचं पदनाम बदललं म्हणून. हा तक्ता आडवा यायला पाहिजे होता, उभा आला. हे शेवटचं पान, यावर नुसतं ‘आपला विश्वासू’.” मला वाटलं होतं, टोपलीत मुख्यतः पत्रव्यवहार निघेल. पत्रं त्यात थोडी होती. खरी भर होती सभांच्या पुस्तिकांची, एकाच माहितीच्या वेगवेगळ्या प्रपत्रांतल्या छपाईची आणि ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ या ओळीखाली वाढत गेलेल्या यादीची.

सोपे उपाय लवकर झाले, त्यांच्यावर फार लिहीत नाही. संगणकांत दोन्ही बाजूंनी छपाई हाच नेहमीचा पर्याय करून ठेवला. लीगल आकाराचा कागद ए-फोरपेक्षा क्षेत्रफळानं तेवीस टक्क्यांनी मोठा असतो, तो फक्त रुंद तक्त्यांपुरता ठेवला. पाठकोरे कागद वेगळ्या खोक्यात जमवून कच्च्या मसुद्यांसाठी वापरायला लागलो, पण त्यातही दोन अटी घालाव्या लागल्या. टाचणी काढल्याशिवाय पान खोक्यात टाकायचं नाही, नाहीतर प्रिंटर अडकतो आणि एका वाचवलेल्या पानापायी पाच पानं चुरगळतात. आणि मागच्या बाजूला कुणाचं आधार, बँक खातं किंवा गोपनीय अहवाल असेल तर ते पान पाठकोरं धरायचं नाही. फुटाण्याच्या पुडीवर कुणाच्या तरी ओळखपत्राची झेरॉक्स आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. ती पुडी कुठल्यातरी कार्यालयाच्या रद्दीतूनच निघालेली असते.

या उपायांनी कागद कमी झाला, पण जेवढा व्हायला हवा तेवढा नाही. कारण ते छापणाऱ्यासाठी होते, आणि छापणारा आपल्या मर्जीनं फारसं छापत नाही. त्याच्याकडे कुणीतरी कागद मागितलेला असतो.

कुणी का मागतो, याची कारणं शोधत गेले तेव्हा एक कारण खास आपल्या भाषेचं निघालं. आमच्या अनेक टेबलांवर वर्षानुवर्षं ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’, ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’ या फॉन्टांत मराठी टंकलेखन चालत आलेलं. अशी फाइल पंचायत समितीतून ई-मेलनं आली आणि आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उमटे. मग फोन जाई, “मॅडम, हार्ड कॉपी पाठवा.” हार्ड कॉपी आली की आमचा लिपिक ती समोर ठेवून सगळा तक्ता पुन्हा टाइप करी, छापी, तपासायला देई. युनिकोड वापरा, असे आदेश केव्हाच येऊन गेले होते. पण टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांना नवा कळफलक नको होता, आणि वरिष्ठांनाही महिनाअखेर काम वेळेत हवं होतं, मग ते कोणत्याही फॉन्टात असो. आम्ही प्रत्येक विभागातल्या एकेका तरण्या कर्मचाऱ्याला धरून युनिकोडचा सराव घडवला, जुन्या फाइली बदलून घ्यायला मदत दिली आणि तालुक्यांकडून येणारी ठरावीक विवरणपत्रं एकाच ऑनलाइन तक्त्यात भरून घ्यायला सुरुवात केली. पर्यावरणाच्या कुठल्याही भाषणात फॉन्टाचा उल्लेख मी ऐकलेला नाही. आमच्याकडे मात्र कागद वाचवणाऱ्या कामांत फॉन्ट बदलणं वरच्या क्रमांकाचं ठरलं.

दुसरं कारण सहीचं. आदेश संगणकावर तयार व्हायचा, सहीसाठी छापला जायचा, सही झाली की स्कॅन व्हायचा, ई-मेलनं आणि व्हॉट्सॲपच्या गटावर जायचा, तिथे तो मिळणारा त्याची प्रिंट काढून आपल्या साहेबांपुढे ठेवायचा, साहेब त्यावर संबंधिताचं नाव टाकायचे, आणि दोन दिवसांनी मूळ प्रत टपालानं पोहोचली की तीही त्याच नस्तीत लागायची. एका आदेशाचं असं तीन-तीन वेळा कागदात उतरणं कुणालाही खटकत नव्हतं. वास्तविक माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नं इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिलेली आहे. अधिकाऱ्यांच्या खणात स्वाक्षरीचं डोंगलही होतं. ते निविदा आणि देयकांच्या वेळी बाहेर निघे आणि पुन्हा खणात जाई. कायदा मान्यता देऊन मोकळा झाला होता. टेबलावरच्या माणसाला अजून खात्री पटायची होती.

ही खात्री म्हणजे काय, ते मला आमच्या बडे बाबूंनी शिकवलं. वरिष्ठ सहाय्यक, निवृत्तीला आलेले. प्रत्येक पत्राची स्थळप्रत, तिची झेरॉक्स आणि पोचवहीतल्या सहीच्या पानाचीही झेरॉक्स ते ठेवत. कागदवापर कमी करण्याच्या बैठकीत त्यांनीच सर्वांत जास्त मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलावरून सर्वांत मोठं मागणीपत्र आलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून बसायला सांगितलं.

“तुम्ही म्हणता तं बरोबर आहे, ताई. पण मी तालुक्याला असताना अनुदानाचं पत्र वेळेत नाही पाठवलं म्हणून माझी विभागीय चौकशी लागली होती. वेतनवाढ अडकली, बदनामी झाली ते वेगळंच. मी पत्र पाठवलं होतं. स्थळप्रतीवर जावक क्रमांक होता, पोचवहीत समोरच्याची सही होती. त्या दोन कागदांनी मला वाचवलं. साहेब लोक बदलून जातात. चौकशीच्या पुढं उभा बाबू राहतो. संगणक येऊन साक्ष देईन काय?”

मग त्यांनी मंत्रालयाच्या आगीचा दाखला दिला. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसं दगावली, वरच्या मजल्यांवरच्या असंख्य नस्त्या जळून गेल्या. त्या पुन्हा उभ्या करायला क्षेत्रीय कार्यालयांतल्या प्रतींचाही आधार होता. “आपल्याकडं कागद होता म्हणून,” बडे बाबू म्हणाले, “आणि तुम्ही म्हणता प्रत ठेवू नका.”

त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि खोडायची गरजही नव्हती. साठा नोंदवहीतल्या आकड्यांना पहिल्यांदाच अर्थ आला. पुस्तिकेच्या राखीव प्रती, यादीत वाढत जाणारे ‘सविनय सादर’, आदेशाचे तीन अवतार, या प्रत्येकामागे उद्या प्रश्न विचारला गेला तर आपल्या हाती काय असेल, ही धास्ती होती. लेखापरीक्षणाची, चौकशीची, माहिती अधिकारातल्या अर्जाची, सभेत ऐनवेळी उठणाऱ्या सदस्याची. अभिलेखाच्या नियमांना तर या धास्तीची जुनी ओळख असावी. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धतीत सहावा गठ्ठा असतोच मुळी नष्ट करायच्या ‘ड’ वर्गाच्या कागदांचा. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, आणि ‘ड’ एक वर्ष. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयं आणि अभिलेख कसे लख्ख करता येतात ते दाखवलं आणि ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. तरीही कुठल्याही अभिलेख कक्षात जा, ‘ड’ गठ्ठ्याला धूळ सर्वांत जुनी. नष्ट करण्याच्या यादीवर सही करायला कुणी पुढे येत नाही. ठेवलेल्या कागदाबद्दल कुणी जाब विचारत नाही, फाडलेल्या कागदाबद्दल विचारतात.

ई-ऑफिस सुरू झालं तेव्हा म्हणून मी ‘कागद वाचेल’ हा मुद्दा बडे बाबूंपुढे काढलाच नाही. त्यांना पडदा दाखवला. टिप्पणी लिहीत असताना ती पिवळी दिसते, खोडता येते. हिरवी करून पुढे पाठवली की ती कायमची, मग लिहिणाऱ्यालाही तिच्यात काना-मात्रा बदलता येत नाही. नस्ती कुणाकडे किती वाजता गेली, त्यांनी ती किती दिवस ठेवली, परत कधी आली, सगळं नोंदलेलं. बडे बाबू बराच वेळ ती हालचालींची यादी बघत राहिले. “म्हणजे साहेबांनी अकरा दिवस नस्ती दाबून ठेवली तं ते इथं दिसते?” मी हो म्हटलं. “आणि त्यांना ते पुसता येत नाही?” नाही म्हटलं. “मग हे पोचवहीपेक्षा बरं आहे.” तिथून पुढे त्यांच्या टेबलावरच्या झेरॉक्सा घटल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, सेवापुस्तकाशी संबंधित पत्रांच्या त्या अखेरपर्यंत चालू होत्या, आणि मीही त्याबद्दल कधी बोलले नाही.

सभांच्या पुस्तिकांचं गणितही असंच सुटलं. स्थायी समितीच्या सदस्यांना पुस्तिका नको होती असं नाही, त्यांना ती आधी हवी होती. सभेच्या सकाळी हातात जाडजूड अहवाल पडला तर वाचणार कोण? तरी तो पडलाच पाहिजे, नाहीतर प्रशासनानं माहिती दडवली, असा आरोप व्हायचा. विषयपत्रिका आणि अहवाल काही दिवस आधी मोबाइलवर पाठवायचे, ज्यांना छापील हवा त्यांनी तसं कळवायचं आणि सभागृहात पडदा लावायचा, असं ठरलं. छापील मागणारे निघालेच. त्यांना तो दिला. वयस्कर सदस्यांना मोबाइलवर बारीक अक्षर वाचायला सांगून पर्यावरण साधायचं, यात मला काही अर्थ वाटत नव्हता. मात्र ‘राखीव’ नावाच्या प्रती बंद झाल्या, आणि त्या किती होत्या हे त्या बंद झाल्यावर कळलं.

इथपर्यंतची हकिकत आमच्या वार्षिक अहवालातही आली, छायाचित्रासह. अहवालात जे आलं नाही ते समाजकल्याण विभागाच्या खिडकीसमोर दिसत होतं.

जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून वैयक्तिक लाभाच्या योजना असतात. शिलाई मशीन, सायकल, ताडपत्री, फवारणी पंप. अर्जासोबत आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, ग्रामसभेचा ठराव, पासबुक, फोटो. जाहिरातीच्या तळाशी एक वाक्य होतं: ‘परिपूर्ण प्रस्ताव सहपत्रांसह तीन प्रतींत सादर करावा.’ पुढे अर्ज ऑनलाइन झाले, त्याचा गाजावाजा झाला आणि तळाच्या वाक्यात फक्त एवढी भर पडली की ऑनलाइन अर्जाची प्रिंटही तीन प्रतींत जोडावी. आमच्या कार्यालयाचा कागद खरंच कमी लागत होता. तो आता गावाकडून येत होता. ई-सेवा केंद्रात अर्ज भरायचे पैसे, प्रिंटचे पैसे, झेरॉक्सचे पैसे, आणि तालुक्याला यायचं एसटीचं तिकीट. शिलाई मशीनसाठी आलेल्या एका बाईच्या पिशवीत मी हे तीन संच पाहिले. एकेक कागद तिनं प्लॅस्टिकमध्ये घातला होता, तिन्ही संचांतला.

तीनच का? मी विचारत फिरले. एक ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीला, एक पंचायत समितीतून आम्हाला, एक तपासणीसाठी, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं वेगळी वाटणी सांगितली. खरं कारण बहुधा टाइपरायटरच्या काळातलं असणार, जेव्हा तालुक्याला कागदाची नक्कल काढायची सोय नव्हती आणि तीन पातळ्यांवर तीन प्रती लागत. आता अर्ज तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी पडद्यावर दिसत होता. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांवरचा क्रमांक टाकला की ते खरे की खोटे तेही कळत होतं. वाक्य तेवढं उरलं होतं, दर वर्षी मागच्या जाहिरातीवरून पुढच्या जाहिरातीत उतरत.

ते काढायला नवं यंत्र लागलं नाही. टिप्पणी लागली, आणि तिच्यावर विभागप्रमुखांनी स्वतःच्या अधिकारात ‘मान्य’ लिहिणं लागलं. त्यालाही वेळ गेला, कारण ‘पूर्वीपासून आहे’ याला उत्तर देणं अवघड असतं. पुढच्या जाहिरातीत ओळ बदलली: ऑनलाइन अर्ज पुरेसा, निवड झाल्यास मूळ कागद पडताळणीसाठी एकदा दाखवावेत. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांतून येणारे गठ्ठे त्या वर्षी आलेच नाहीत. मी भांडारात असतानाची ही सर्वांत मोठी कागदबचत, आणि माझ्या साठा नोंदवहीत तिची एकही नोंद नाही. तो कागद आम्ही कधी विकतच घेतला नव्हता.

या ओळीच्या पाठोपाठ एक उलटी सूचना मीच केली आणि तिच्यावर काही सहकारी हसले. ऑनलाइन अर्ज केलेल्याला मोबाइलवर संदेश जात होता. मी म्हटलं, जो मागेल त्याला अर्ज क्रमांकाची छापील पोचही द्या, शिक्का मारून. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे आणि अर्जाची पोच ही त्या मुदतीची सुरुवात. घरात मोबाइल एकच, तोही पोराच्या खिशात. सिम बदललं की संदेश गेला. साहेबांसमोर उभं राहून “मी अर्ज दिला होता” म्हणायला त्या बाईच्या हातात काय असणार? बडे बाबूंना चौकशीत ज्या दोन कागदांनी वाचवलं, त्याच जातीचा हा कागद. त्यांच्यासाठी मी तो समजून घेतला होता. तिच्यासाठी नाकारायचा, हे मला जमलं नसतं.

हातातल्या कागदाचं मोल आमच्या भागात तर कुणाला समजावून सांगावं लागू नये. बल्लारपूरच्या कारखान्याला वर्षानुवर्षं सरकारी भाडेपट्ट्यानं बांबू मिळत होता, आणि ज्यांच्या गावाच्या शिवारात तो उगवत होता त्यांना तो विकायची मुभा नव्हती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणती झाडात होती. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि परवाने देणं तेव्हा वन खात्याच्या हातात होतं. गावानं वाट पाहिली, भांडण केलं, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली करून गेले. स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्या गावाला मिळाला तो कागदाच्या पुस्तकाच्या रूपानं. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, ते पुढचं. त्या पुस्तकाला किती पानं लागली, असा हिशेब मला तरी करवत नाही.

म्हणून ‘कागदविरहित कार्यालय’ या फलकाखाली माझा फोटो निघालेला असला तरी तो शब्द मी वापरत नाही. कागद नागरिकाच्या हातात राहणार असेल तर तो निःसंकोच छापावा, चांगल्या कागदावर, ठळक अक्षरात. तो आमच्यातल्याच एकाकडून दुसऱ्याकडे, फक्त ‘मी कळवलं होतं’ एवढं सिद्ध करायला जाणार असेल, तर ते सिद्ध करायची दुसरी सोय आता आहे आणि ती जास्त भरवशाची आहे. आणि तो नागरिकाकडून मागायचा असेल तर मागणाऱ्यानं आधी नियम दाखवावा. ‘पूर्वीपासून’ हा नियम नव्हे.

भांडारातून माझी बदली होण्याआधी मी मागणीपत्राच्या नमुन्यात एक रकाना वाढवून घेतला. ‘कशासाठी’ हा होताच, त्याशेजारी ‘छापील कागद अखेर कोणाकडे राहणार’. बहुतेक विभाग अजून त्यात ‘कार्यालयीन कामकाजाकरिता’ हेच लिहितात. दोन-तीन शाखा मात्र खरं उत्तर लिहायला लागल्या आहेत, आणि त्यांची मागणी कमी झालेली दिसते. लिहिताना हात थांबत असावा. आता माझ्या जागी आलेल्या मुलीला मी एवढंच सांगून आले आहे की त्या रकान्यात ‘अर्जदार’ लिहिलेलं दिसलं तर रीम लगेच द्यायचं, आणि ‘वरिष्ठ कार्यालय’ लिहिलेलं दिसलं तर आधी फोन करून विचारायचं, कोणतं वरिष्ठ कार्यालय आणि कुणी मागितलं.